दोन फूट

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत एक ठराव आला. ओढ्याच्या बाजूची सीमाभिंत आणखी दोन फूट वाढवायची, खर्च राखीव निधीतून. चर्चा अशी फार झालीच नाही. आधी लिफ्ट बदलायची की आधी रंग काढायचा, यावर तासभर गेला होता. मुलं खेळून दमून आपापल्या आईच्या मांडीवर येऊन पडली होती, पंखे गरम हवाच फिरवत होते. सचिवांनी ठराव वाचला, कुणीतरी अनुमोदन दिलं आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं. मी हात वर केला. तो वर करताना मनात काही आलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्या पार्किंगमध्ये पुन्हा पाणी येऊ नये, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. मी चहा गाळत होते. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "ताई, भिंत वाढवताय म्हणं तुम्ही."

"हो, दोन फूट."

त्यांनी नळ बंद केला. हातातल्या कढईचा फेस तसाच होता. "मग आता पाणी आमच्यातच येणार की ओ."

आवाजात राग नव्हता. उद्या भाजी महागणार म्हणावं, तसं त्या म्हणाल्या आणि परत नळ सोडला. मी म्हणाले, "तसं नाही हो मावशी..." पण त्यापुढचं वाक्य मला सुचेना. आजही सुचलेलं नाही.

मावशींची खोली आमच्या गॅलरीतून दिसते. ओढ्यापलीकडे, आमच्यापेक्षा पुरुषभर खाली, पत्र्यावर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले दोन जुने टायर. मध्ये तीस-चाळीस फुटांचं अंतर असेल. जायचं तर मात्र पुलावरून वळसा घालून पाव तास लागतो. उन्हाळ्यात हा आंबील ओढा म्हणजे काळ्या पाण्याची एक बारीक धार. कडेने घाणेरी, एरंड, कुणीतरी रात्री आणून टाकलेला राडारोडा आणि एक फुटकी गादी, जी मी गेली दोन वर्षं त्याच जागी बघते आहे. संध्याकाळी वारा पडला की वास वर येतो. आम्ही खिडक्या लावून घेतो. त्या घरांना लावून घ्यायला खिडकी एकच आहे आणि ती ओढ्याकडेच उघडते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र दक्षिण पुण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. मला त्या रात्रीतले आवाज आठवतात. दिवे गेलेले, पाऊस असा की पलीकडची इमारत दिसत नव्हती, आणि खालच्या पार्किंगमध्ये पाण्यात गेलेल्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते. पाण्याखाली दिवे लागत होते, विझत होते. मग एकेक हॉर्न घोगरा होत बंद पडला. आम्ही जिन्यात मेणबत्त्या घेऊन उभे होतो आणि कुणाची गाडी कुठली, हे आवाजावरून ओळखत होतो. पेट्रोलचा आणि चिखलाचा एकत्र वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. पुणे शहर आणि परिसरात त्या पुराने वीसहून अधिक माणसं नेली, गोठ्यात बांधलेली जनावरं नेली. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली.

मावशी त्या रात्री नातवाला खांद्यावर घेऊन देवळाच्या गच्चीवर होत्या. मला हे चार दिवसांनी कळलं. कारण सकाळी मी त्यांना फोन लावला होता तो, आज येणार का, हे विचारायला. फोन लागला नाही. चिखल काढायला माणूस मिळत नव्हता आणि मी चिडले होते. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. भिंतीचा ठराव झाला नसता तर कदाचित आजही सांगितली नसती.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याला मी भिंतीबद्दल विचारलं. त्याने वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. ओढा म्हणजे एक पन्हळ. पूर आला की तो काठावरून बाहेर पसरतो, तिथे त्याचा वेग मोडतो, गाळ बसतो, पाणी थोडं मुरतं. ती पसरायची जागा ओढ्याचीच असते, फक्त तो वर्षातले तीनशे साठ दिवस ती वापरत नाही. एका काठाला भिंत घातली की तेवढंच पाणी उरलेल्या जागेतून जायला बघतं. म्हणजे उंची वाढते, वेग वाढतो आणि समोरचा काठ किंवा खालचं वळण मार खातं. दोन्ही काठांना भिंती झाल्या की मग खालच्या पुलाची पाळी. तिथे गाद्या, फांद्या, थर्मोकोल अडकतं, पाणी मागे तुंबतं आणि भिंतींना टेकतं. "आणि कंपाउंडची भिंत माणसं आत येऊ नयेत म्हणून बांधलेली असते," तो म्हणाला. "सहा फूट पाणी टेकलं तर भिंतीच्या दर फुटाला साधारण अर्धा टन ढकल बसते. ती पडते तेव्हा हळूहळू नाही पडत." टांगेवाले कॉलनीचं नाव त्याने घेतलं नाही. आम्हा दोघांनाही तेच आठवत होतं.

आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने पानशेत पाहिलंय. १२ जुलै १९६१, बुधवार. ती दहा-अकरा वर्षांची, नारायण पेठेतल्या वाड्यात राहणारी. धरण फुटलं अशी ओरड झाली तेव्हा आजीने आधी देव घेतले, मग मुलं. सगळे पर्वतीच्या दिशेने पळत सुटले. आई पाण्याचं वर्णन कधीच करत नाही. ती परत आल्यावरचं सांगते. वाड्याच्या मातीच्या भिंती विरघळल्या होत्या, पण दाराची चौकट कडीकुलपासकट उभी होती. पिंपातले गहू फुगून झाकण उचललं गेलं होतं आणि पुढे दोन-तीन दिवसांत त्यांना कोंब फुटले. त्या कुजक्या गव्हाचा वास तिला अजून कुठेही ओळखू येतो. घरात एखादं धान्य जरा दमट झालं की ती डबा नाकाशी नेते आणि तिचा चेहरा बदलतो. आणि एक गोष्ट ती दरवेळी सांगते, ती म्हणजे पाण्याच्या रांगा. खडकवासल्याचं धरणही फुटल्यामुळे शहराला प्यायला पाणी नव्हतं. घर पाण्याने नेलं आणि दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन पाण्यासाठीच उभं राहायचं.

आजोबांना मग पूरग्रस्तांमध्ये जागा मिळाली. आधी अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या, नंतर सहकारनगरकडे पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायटीत दोन खोल्या. तेव्हा तो भाग म्हणजे गावाबाहेरचं रान. आजोबा जागा बघून आले आणि आजीला म्हणाले, "आता नदी लांब आहे." आईला हे वाक्य पाठ आहे. नदी खरंच लांब होती. घराच्या मागे, शेत ओलांडलं की होता तो फक्त ओढा.

हाच ओढा.

माझ्या लहानपणी आम्ही सुट्टीत आजोळी गेलो की दुपारी तिकडेच पळायचो. करंजाची सावली, पाण्यात पडलेली त्याची जांभळट पांढरी फुलं, दगड उचलला की खालून तिरका पळणारा खेकडा. दिवाळीच्या आधी आजी गोधड्या धुवायला यायची आणि आम्ही त्या दोन टोकांना धरून पिळायचो. पिळताना गोधडी वळून वळून दोरखंडासारखी व्हायची आणि कोपरापर्यंत गार पाणी ओघळायचं. पावसाळ्यात मात्र आजोबा तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. कात्रजच्या डोंगरावर काळं दिसलं की ते गॅलरीतून ओरडायचे, "वर पडतोय, खाली उतरू नका." इथे ऊन असायचं, आणि अर्ध्या तासाने ओढा लाल होऊन यायचा. वर पडलेला पाऊस आपल्या दारी येतो, हे मी शाळेत शिकायच्या आधी त्या हाकेतून शिकले. २०१९ ला याच आजोळच्या गल्लीत पाणी शिरलं. मामाच्या ओट्याच्या वरच्या पायरीला टेकून थांबलं. पानशेतमधून उठून इथे वसलेल्या कुटुंबांच्या तिसऱ्या पिढीने पुन्हा चिखल उपसला. आजोबा तोवर गेले होते, एवढंच बरं.

ओढ्याच्या वाटेशी खेळायला आपण काही आत्ता सुरुवात केलेली नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचं पाणी वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज सारसबागेत तळ्यातल्या गणपतीसमोर उभं राहिलं की तळ्याचं फक्त नाव उरलेलं दिसतं. प्रवाह वळवला म्हणून पेठा वाढायला जागा झाली. पण तेव्हाचं शहर केवढं! कात्रजपासून पर्वतीपर्यंत सगळं मोकळं होतं. पाऊस पडला तर जमिनीत जायचा, गवतातून रेंगाळत यायचा. आज ओढ्याचा जवळजवळ सगळा पाणलोट बांधून झालाय. डोंगराचा पायथा कापून प्लॉट पाडलेत, मधली वळणं बांधकामाला अडचणीची म्हणून काटकोनात फिरवलीत, काही ठिकाणी वर स्लॅब टाकून ओढाच दिसेनासा केलाय. तिथून पुढे चालताना आपण पाण्यावरून चालतोय, हे नव्याने राहायला आलेल्या माणसाला कळणारही नाही.

भाच्याने मला एक हिशेबही करायला लावला. आमचं आवार साधारण दीड एकर आहे. इमारतींखालची जागा, पोडियम, पार्किंग, पेव्हर ब्लॉक धरले तर मातीला पाऊस लागतो अशी जागा म्हणजे कुंपणाकडेची शोभेच्या झाडांची पट्टी. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आमच्या दीड एकरावर तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. हे सगळं गटारातून, सहा इंची पाइपांमधून, जमेल तितक्या लवकर आम्ही ओढ्यात सोडतो. लवकर जावं म्हणून उतारही नीट काढलेले आहेत. आणि हीच सोसायटी एप्रिल-मेमध्ये टँकर मागवते. मी कितीदा खिडकीतून ते टँकर मोजलेत, उशीर झाला म्हणून सचिवांना फोन केलेत. जुलैमध्ये आमच्याकडून तासाभरात निघून जाणारे तीस टँकर मात्र मी कधी मोजले नव्हते. डोंगरापासून खाली अशी आवारं किती असतील, याचा विचार केला की मग त्या रात्रीच्या पाण्याचं नवल वाटत नाही.

खरेदीच्या वेळी दिलेली कागदपत्रं मी मध्यंतरी कपाटातून काढली. जमिनीच्या जुन्या खरेदीखताची एक प्रत त्यात आहे. चतुःसीमेत स्पष्ट लिहिलंय, "पूर्वेस ओढा". पुढच्या नकाशात त्याच रेषेला "नाला" म्हटलंय. आणि सोसायटीच्या अलीकडच्या पत्रव्यवहारात, ज्यावर कार्यकारिणीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, तिथे "मागील ड्रेनेज" असा शब्द आहे. मला वाटतं आमचं सगळं काही या तीन शब्दांत झालं. ओढ्याला काठ असतो, नाव असतं, त्यात गोधडी धुतात. नाल्याची सफाई करतात. ड्रेनेजवर झाकण घालतात. आईच्या तोंडून अजूनही "ओढा"च येतं. माझ्या मुलीच्या तोंडून "नाला". तिच्या समोर मीसुद्धा कधी नाला म्हणायला लागले, आठवत नाही.

नदीला निदान पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी ते लाल या पट्ट्यात अटी पाळून बांधायचं. कागदावर हे सगळं नीट आहे. पण पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे आता पंचवीस वर्षं निर्धास्त, असा अर्थ आपण परस्पर लावून घेतो. त्याचा खरा अर्थ दरवर्षी पंचवीसात एक शक्यता असा आहे, यंदा झालं म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही. आणि या रेषा आखताना पाऊस, काँक्रीट, भराव जे होतं, तेच पुढेही राहील असं कुठे असतं?

२५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. ३५ हजार क्युसेक हा आकडा दिवसभर बातम्यांमध्ये ऐकत होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी. आमच्या आवारात मुसळधार पावसात तासाभरात पडणारं सगळं पाणी एका सेकंदात तीनदा. आई दूरदर्शनसमोर बसून होती. बोटीतून म्हाताऱ्या माणसांना काढत होते. एका बाईच्या हातात स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट दाबून धरलेला. आई एकदम म्हणाली, "पीठ असणार." आणि उठून आत गेली. आम्ही लहानपणी पूर बघायला जायचो, पुण्यात सगळेच जातात. भिडे पूल पाण्याखाली गेला की आजही कठड्याला गर्दी होते. मला ती गर्दी आवडायची, मक्याच्या कणसाचा वास, चिखलाच्या रंगाचं फुगलेलं पाणी, त्यातून वाहत येणारे ओंडके आणि जलपर्णीचे तुकडे. त्यात आपलेपणाही होता, शहराची नदी वर्षातून काही दिवस तरी नदी होते याचा. आता मला तिथे उभं राहवत नाही.

आता नदीकाठ सुधारायचाही मोठा प्रकल्प सुरू आहे, मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ. फिरायला रस्ते होतील, बाकं येतील, ते कुणाला नको आहेत? मी स्वतः संध्याकाळी चालायला जाणारी बाई आहे. पण विठ्ठलवाडीजवळ नदीत पाय टाकून उभी असलेली वाळुंजाची झाडं मी पाहिली आहेत. पुरात ती आडवी होतात आणि पाणी उतरलं की फांद्यांना कचरा लटकवून पुन्हा उभी राहतात. त्यांच्या मुळांनी धरलेली माती तिथेच असते. बांधीव काठाला वाकता येत नाही, याची मला भीती वाटते. आणि भराव घालून काठ आत सरकवले की नदीचं जे होईल, ते आमच्या भिंतीने ओढ्याचं होतंय त्याहून वेगळं कसं असेल?

मी सचिवांना भेटले. भला माणूस आहे. २०१९ ला त्यांचीच गाडी पहिली बुडाली होती, कर्ज फिटलेलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण उद्या पाणी आलं आणि आपण भिंत बांधली नाही म्हणून लोकांनी मला विचारलं तर? तळमजल्यावर वॉचमनची बायको आणि दोन पोरं झोपतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉचमनची पोरं मला दिसत होती आणि मावशींचा नातूही. मी एक पत्र लिहून दिलं. छताचं पाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यांत घ्यावं, मागच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करावी, आमच्याच इमारतीच्या कामात निघालेला आणि काठावर पडून राहिलेला राडारोडा उचलावा. शोषखड्डे दोन मंजूर झाले. राडारोडा उचलायला ट्रॅक्टर येणार आहे. भिंतीचं काम आधीच दिलं गेलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशी तापाने आजारी पडल्या. मी डबा घेऊन निघाले तर आई म्हणाली, मीही येते. पुलावरून वळसा घालून आम्ही हळूहळू गेलो. त्यांच्या खोलीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. फ्रिज सिमेंटच्या ब्लॉकवर चढवलेला होता. छताला लागून एक फळी, तिच्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रेशनकार्डं, आधारकार्डं, शाळेचे दाखले. खिडकीतून समोर आमची भिंत दिसत होती. इकडून ती केवढी उंच वाटत होती! नवा थर करडा, ओला. गोणपाटं टाकलेली होती आणि एक गवंडी वर उभा राहून पाइपने पाणी मारत होता. त्याच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी ओळखू येत होती.

आई कॉटवर टेकली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तिने विचारलं, "त्या वेळी कुठवर आलं होतं गं?"

मावशी अंगावरची चादर सारून उठल्या, भिंतीशी गेल्या आणि कॅलेंडरच्या खिळ्याखाली हात टेकवला. "हितवर."

आईने मान वर करून पाहिलं. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि त्या हाताच्या शेजारी, डोक्यावर, पोहोचेल तिथे आपला तळवा लावला. "आमचं याच्याही वर होतं."

"बाई गं," मावशी म्हणाल्या. "मग परत तितंच ऱ्हायला गेलात?"

"नाही," आई म्हणाली. "सरकारने लांब जागा दिली. ओढ्याकाठी."